उन्हाळ्यात अंगण उघडं पडतं, काय लावू?

कळंबा_रोडकर:
घरापुढं पंधरा बाय पंचवीस फुटांची मोकळी जागा आहे, तोंड पश्चिमेला. गेल्या श्रावणात नर्सरीत जे फुललेलं दिसलं ते उचलून आणलं. तेरडा, सोनटक्का, झेंडू, नंतर शेवंती. दिवाळीत येणारा-जाणारा थांबून बघायचा. मार्चमध्ये उरली नुसती माती आणि पाण्याची काळी टाकी. ती टाकी लई खुपते डोळ्यात. बारा महिने अंगण भरलेलं दिसेल असं काय लावावं? पाणी एक दिवसाआड येतं.

तांबडा_रस्सा:
भावा, बोगनवेल लाव आणि मोकळा हो. पाणी कमी, फुलं लई.

आरकेनगरच्या_काकू:
बोगनवेल चांगलीच, पण दारात नको. काटे पदर धरतात.

तुमची चूक मीही केलीय. आता नर्सरीत फुलाकडं बघतच नाही, पानं आणि फांद्या बघते. टाकीपुढं कुंतीची रांग लावा, दोन-दोन फुटांवर. बारमाही हिरवी, कात्री सोसते, आणि चांगला वळीव झाला की काही दिवसांत पांढरी होते. वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत.

कोपऱ्यात पांढरा चाफा हवाच. हिवाळ्यात पानं गाळतो तेव्हा लोकांना वाटतं वाळला. माझ्या जावेनं तर तोडायला माणूस बोलावला होता! पण त्या जाड राखाडी फांद्या, पानं गळाल्या जागी उरलेले चंद्रकोरीसारखे वण, आणि चारच्या उन्हात मागच्या भिंतीवर पडलेली सावली... खरं सांगू, फुललेल्यापेक्षा मला तो तेव्हाच आवडतो. फक्त बुडाशी पाणी साचलं की कुजतो. आपला पाऊस माहितीय ना? मी मुरूम टाकून वीतभर उंचवटा केला आणि त्यावर लावला.

मधल्या जागेत तगर आणि अनंत. तगर देवापुरती फुलं जवळपास वर्षभर देते. सोनटक्का उपटू नका, वरनं वाळला तरी गड्डे जिवंत असतात. टाकी भरून वाहते तिथं, तगरीच्या आडोशाला हलवा, म्हणजे गेलेला कळतही नाही.

उन्हाळ्यात बुडाशी उसाचं पाचट पसरा, चार बोटं जाड. आपल्याकडं पाचटाला काय तोटा? खोडाला मात्र चिकटू देऊ नका, माझ्या एका अनंताला वाळवी लागली होती.

कळंबा_रोडकर:
काकू, शेजारी मोठा चाफा आहे. आत्ता पावसात फांदी आणून रोवली तर?

आरकेनगरच्या_काकू:
आत्ता नको, सडेल. फेब्रुवारीत हातभर फांदी घ्या. कापल्यावर चीक येतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नका. आठवडाभर सावलीत आडवी ठेवा, कापलेलं तोंड कोरडं झालं की मग रोवा. आणि मूळ धरेपर्यंत रोज पाणी घालायचा मोह आवरा.