‘दिशादर्शक’, ‘दिक्चालन’ की ‘स्थाननिश्चिती’?

मूळ प्रश्न
मुलीच्या शाळेत, इथे नाशिकरोडला, विज्ञान प्रदर्शन आहे. तिचा फलक कृत्रिम उपग्रहांवर आहे. ‘जीपीएस’ला मराठीत काय लिहावं यावरून घरात तीन पक्ष पडलेत. मी ‘उपग्रह दिशादर्शक’ सुचवलं, तिच्या आजोबांना ‘दिक्चालन’ हवंय, आणि ती म्हणते, ‘लोकेशन’ लिहिलं तर मुलांना कळेल तरी. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
‘दिशादर्शक’ नको, हे माझं स्पष्ट मत. उपग्रह दिशा दाखवतच नाही. करून बघा. रविवार कारंजा चौकात उभे राहा, फोनवर नकाशा उघडा आणि जागच्या जागी गोल फिरा. निळा ठिपका हलत नाही. फिरतो तो ठिपक्यापुढचा फिकट झोत, आणि त्याला फिरवतं फोनमधलं चुंबकीय संवेदक, म्हणजे आपलं जुनं होकायंत्रच. रस्ता सुचवतो तो नकाशा.

मग उपग्रह काय सांगतो? वेळ. ‘मी अमुक ठिकाणी आहे, माझ्या घड्याळात आत्ता अमुक वाजलेत’ एवढंच तो अखंड सांगत असतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने येतात, तरी थेट डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश पोचायला ०.०७ सेकंदाच्या आसपास लागतातच. लागलेल्या वेळेला वेगाने गुणलं की अंतर मिळतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा पक्की व्हायला हवी. पण उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि फोनमध्ये साधं. हे साधं घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतरात ३०० मीटरचा घोळ होतो. म्हणून चौथा उपग्रह लागतो. चार अंतरांची सांगड घालताना फोनच्या घड्याळाची चूकही सापडते.

हे सगळं ‘स्थाननिश्चिती’त नीट बसतं. ‘दिक्चालन’ चूक नाही, पण ते पुढच्या पायरीचं आहे. जागा कळल्यावर जहाज किंवा विमान कुठे न्यायचं, तिथला तो शब्द. आणि फलकावर ‘त्रिकोणीकरण’ मात्र येऊ देऊ नका. त्यात कोन मोजतात, इथे अंतरं.

प्रतिसाद २
मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षबाग आहे. आमच्याकडे ‘स्थाननिश्चिती’ कोणाच्या तोंडी नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे फोनवरून पिकाची नोंद, करताना सगळे म्हणतात, ‘लोकेशन पकडत नाही’. मांडवाखाली पाला दाट असला की हमखास होतं, मग बांधावर यायचं. कोणी म्हणतं, ‘रेंज नाही’. ते बरोबर का?
दुसरं, बाग फुलोऱ्यात असताना ढग दिसले की डावणी या बुरशीरोगाच्या धास्तीने आम्ही रात्री उठून ‘उपग्रह छायाचित्र’ बघतो. हा शब्द चालेल ना?

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ लिहिणाराच)
‘पकडणं’ हे क्रियापद मला फार आवडतं, आणि शास्त्रालाही धरून आहे. फोन उपग्रहाला काहीच पाठवत नाही, फक्त ऐकतो. ‘रेंज’ ही मोबाइलच्या टॉवरची. हरिहर गडावर रेंज गेली तरी उघड्यावर ठिपका दिसतो. नकाशा आधी उतरवून घेतला नसेल, तर ठिपक्याखाली कोरा पडदा, एवढंच. मांडवाखाली अडचण येते ती पानांची. आधीच क्षीण असलेला संदेश ओल्या पाल्यातून येताना आणखी दुबळा होतो. जुन्या नाशकातल्या बोळांत तऱ्हा वेगळी. तिथे संदेश भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेने येतो आणि अंतर खोटं भरतं.

‘छायाचित्र’ मात्र मी टाळीन. रात्री प्रकाश नसतो. ढगांतून निघणारी उष्णता टिपून ते चित्र बनतं, आणि सहसा जितका थंड माथा तितका पांढरा ढग. त्याला ‘उपग्रह प्रतिमा’ म्हणावं. ती टिपणारे आपले इन्सॅट मालिकेतले उपग्रह ‘भूस्थिर’, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. ते पृथ्वीबरोबरच फिरतात, म्हणून एकाच जागी दिसतात. टीव्हीचे उपग्रहही तिथलेच. नाशकातल्या गच्च्यांवरच्या छत्र्या म्हणूनच आग्नेयेकडे तोंड करून एकदा बसवल्या की पुन्हा हलवाव्या लागत नाहीत. ‘भूस्थिर’ इतका नेमका शब्द क्वचितच घडतो.

प्रतिसाद ४
सरळ ‘नाविक’ का लिहू नये? भारताची, आपलीच उपग्रह प्रणाली आहे.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद १ लिहिणाराच)
शब्द सुरेख आहे. ‘नेव्हिगेशन’च्या मुळाशी लॅटिन ‘नाविस’, म्हणजे नाव, आणि संस्कृत ‘नौ’ ही त्याची सख्खी बहीण. पण ‘नाविक’ हे विशेषनाम आहे. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, नाव २०१६ मध्ये मिळालं. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, तसं हे आपलं. आजचे बरेच फोन एकाच वेळी यातल्या अनेकांचं ऐकतात. सगळ्यांना मिळून सामान्यनाम हवं, ते ‘उपग्रह स्थाननिश्चिती’.

मूळ प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. शीर्षक ठरलं: ‘फोन लोकेशन कसं पकडतो?’ आणि खाली ‘उपग्रह स्थाननिश्चिती’. आजोबांना मुद्दा पटला, पण ‘होकायंत्र’ फलकावर हवंच, असा त्यांचा आग्रह आहे. एकच विचारायचं राहिलं, ‘निळा बिंदू’ लिहू की ‘निळा ठिपका’?

प्रतिसाद २ लिहिणारा
ठिपका. बिंदूला लांबी-रुंदी नसते, आणि मांडवाखाली आमचा ठिपका अर्धी बाग व्यापतो.