कंट्री म्युझिक ऐकायचं तर ६५० एएम की एफएम? (नॅशव्हिल ते नॉक्सव्हिलच्या रस्त्यावरून)

टेनेसीकर:
मंडळी, अकरा वर्षं झाली अमेरिकेत टेनेसी राज्यात, नॅशव्हिलच्या दक्षिणेला फ्रँकलिनला राहतोय आणि कामानिमित्त महिन्यातून दोनदा आय-४० महामार्गाने नॉक्सव्हिलला जातो. एकशेऐंशी मैलांचा रस्ता, गाडीत मी एकटा आणि रेडिओ. परवा गणपतीच्या मीटिंगला एकजण म्हणाला की एएम आता मोडीत काढायला हवं, कोण ऐकतं, आणि मला ते लागलं, म्हणून इथे लिहितोय.

माझं मत सरळ आहे. कंट्री ऐकायचं तर नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम स्टेशन, ६५० एएम. नॅशव्हिलमध्ये कंट्रीवाली मोठी एफएम स्टेशनं आहेत, ९५.५, ९७.९, १०३.३, शहरात आवाज एकदम स्वच्छ, त्याबद्दल वाद नाही. पण कुकव्हिल मागे पडलं आणि कंबरलँड पठाराचा चढ सुरू झाला की एफएमचं काय होतं ते स्वतः ऐका. एका वळणावर गाण्याची ओळ, पुढच्या वळणावर खरखर, मग मधेच दुसरंच स्टेशन घुसतं. हेच शुक्रवारी संध्याकाळी ६५० लावा. सात वाजता ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री गाण्यांचा लाइव्ह कार्यक्रम सुरू होतो, तोवर अंधार पडलेला असेल तर आवाज कधी खोल जातो, कधी वर येतो, पण गाणं सुटत नाही. क्रॉसव्हिलच्या पुढे घड्याळ एक तास पुढे जातं, तरी फिडल (आपलं व्हायोलिनच) चालूच. २८ नोव्हेंबर १९२५ ला याच स्टेशनवर एका म्हाताऱ्या फिडलवाल्यापासून हा कार्यक्रम सुरू झाला आणि पन्नास हजार वॅटच्या जोरावर रात्री कुठल्या कुठल्या राज्यांतल्या शेतघरांत पोचला. हे संगीत देशभर गेलं ते या लहरींवरून, मग त्याच लहरींना भंगार कसं म्हणायचं?

सूरपेटी:
दादा, भावना पोचल्या पण मी अजिबात सहमत नाही. मी स्वतः व्हायोलिन वाजवते, आणि कंट्रीमध्ये मला जे आवडतं ते सगळं वरच्या पट्टीत आहे, स्टील गिटारची ती लांबत जाणारी मींड, बँजोचा टणत्कार, फिडलवर गज बदलताना येणारी बारीक खस्स. गाडीतला एएम रिसीव्हर साधारण तीन-चार किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकतो, एफएम पंधरापर्यंत देतं, तेही स्टिरिओमध्ये. म्हणजे तुम्ही ऐकता ती गाण्याची सावली आहे, गाणं नाही. आणि घरात? आमच्या अपार्टमेंटमध्ये एएम लावलं की एलईडी दिवे, फोनचा चार्जर, शेजारच्यांचा टीव्ही, सगळे मिळून एकच घूंऽऽ. रिसेप्शन म्हणजे नुसतं लांबवर पोचणं नाही हो, जे पोचलं ते ऐकण्यासारखं असणं हेही त्यात येतं. पुलाखालून गाडी गेली की एएम क्षणभर गपकन बसतं, एफएमला काही होत नाही, हेही लिहा ना.

माळरान:
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, मधे डोंगर आला की त्याच्या सावलीत सिग्नल नाही, आणि शेजारच्या डोंगरावर आपटून आलेली तीच लहर मूळ लहरीत मिसळते म्हणून वळणावळणावर आवाज फाटतो. वर एफएम रिसीव्हर दोन स्टेशनांतलं जे जोरात आहे तेच धरतो, म्हणून टेनेसीकरांना मधेच दुसरं स्टेशन ऐकू येतं. यात स्टेशनचा दोष नाही, भूगोल आहे. एएमचं दिवसा जमिनीवरून जाणं आणि रात्री आकाशातून परतणं हे दोन वेगळे खेळ. दिवसा वातावरणातला खालचा थर एएमच्या लहरी शोषतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि वरच्या थरावरून लहरी परत खाली येतात. पण या दोन वाटा जिथे एकत्र येतात त्या पट्ट्यात त्या एकमेकींना मारतात. म्हणून तर तुमचा आवाज खोल जातो-येतो.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा तुमच्याच वाटेवर उभा आहे. ब्रेंटवुडला आय-६५ च्या कडेला डब्ल्यूएसएमचा हिऱ्यासारखा, मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता टॉवर आहे ना, तो १९३२ साली ८७८ फुटांचा उभारला होता. तेव्हा तो उंचच हवा असं वाटलं, पण चॅटनुगाच्या आसपास सिग्नल स्वतःच स्वतःला खोडायला लागला, म्हणून १९३९ मध्ये सत्तर फूट काढून तो ८०८ चा केला. टॉवर छाटला आणि रिसेप्शन सुधारलं! मी मूळचा नागपूरचा, आमच्याकडचं १५६६ किलोहर्ट्झचं हजार किलोवॅटचं ट्रान्समीटर लोकांना ताकदीसाठी आठवतं, पण नुसत्या ताकदीवर काही नसतं.

शार्लटवाला:
मला हा वादच कळत नाही. माझ्या इलेक्ट्रिक गाडीत एएम येतच नाही, मोटरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट एएमवर येतो म्हणून बऱ्याच कंपन्यांनी काढून टाकलं. मी ऑप्री फोनवर ऐकतो, डोंगर नाही, पूल नाही, चार्जर नाही. सिग्नल कसा येतो हे मोजत बसण्याचे दिवस गेले.

टेनेसीकर:
शार्लटवाले, मे २०१० आठवून बघा. कंबरलँड नदी फुगली, ऑप्री हाऊसच्या स्टेजवर पाणी, डब्ल्यूएसएमचा स्टुडिओ बुडाला, आणि स्टेशन चाललं ते ब्रेंटवुडच्या त्या टॉवरजवळच्या ट्रान्समीटरच्या इमारतीतून. आणि गाड्यांतून एएम काढण्यावर एवढी ओरड झाली की फोर्डने २०२३ मध्ये निर्णय फिरवला, एएम सक्तीचं करणारं विधेयकही त्याच वर्षी इथल्या संसदेत, काँग्रेसमध्ये आलं. उगाच नाही.

निळा डोंगर:
मी नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला असते. सप्टेंबर २०२४, हरिकेन हेलीन. वीज नाही, नळाला पाणी नाही, फोनला एकही दांडी नाही. आमच्या गल्लीतले सात-आठजण रोज सकाळी एका शेजाऱ्याच्या जुन्या पिकअपभोवती जमायचे, तो दारं उघडी ठेवून रेडिओ लावायचा आणि सगळे गप्प, कुठला रस्ता खुला, पाण्याचा टँकर कुठे. पेट्रोल वाचवायला तो अर्ध्या तासाने बंद करायचा. पाचव्या दिवशी बातम्या संपल्यावर कुठल्याशा स्टेशनवर एक जुनं गाणं लागलं आणि त्याने बंद करायला नेलेला हात मागे घेतला. शार्लटवाले दादा, फोन त्या दिवशी खिशात नुसता दगड होता. मी चिडून नाही लिहीत, पण "दिवस गेले" असं म्हणू नका प्लीज.

सूरपेटी:
ताई, वाचून गलबलून आलं. संकटात रेडिओ हवा हे मी कधीच नाकारलं नाही, पण प्रश्न गाणं ऐकण्याचा होता आणि तिथे मी एफएमवरच आहे, फक्त मोठ्या नाही, छोट्या. नॉक्सव्हिलला पोचलात की टेनेसीकर दादा, डब्ल्यूडीव्हीएक्स लावा, ८९.९. १९९७ मध्ये एका कॅम्पग्राउंडवरच्या चौदा फुटी कॅम्पर ट्रेलरमधून ते सुरू झालं, श्रोत्यांच्या पैशांवर चालतं, दुपारी लाइव्ह कार्यक्रम असतो, ब्लूग्रास, जुनं डोंगराळ संगीत. सिग्नल छोटा, डोंगराआड गेलं की गेला, म्हणून शहरात १०२.९ वर वेगळा ट्रान्सलेटर, म्हणजे तेच पुन्हा प्रसारित करणारा छोटा ट्रान्समीटर लावलाय. तरी जेवढं ऐकू येतं तेवढं पूर्ण येतं. चारशे मैलांवर अर्धवट पोचण्यापेक्षा मला चाळीस मैलांत पूर्ण पोचणं मोठं वाटतं.

माळरान:
हे मान्य. पण ताई, अपार्टमेंटमधल्या त्या घूंऽऽ वर एक उपाय करून बघा. साधा बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर घ्या, खिडकीत ठेवा, खोलीतले चार्जर काढा आणि रेडिओ हळूहळू गोल फिरवा. आत अँटेना म्हणून फेराइटची कांडी असते, ती स्टेशनच्या दिशेला आडवी आली की आवाज वर येतो आणि टोक गोंगाटाकडे वळलं की गोंगाट पडतो. शनिवारी रात्री सातनंतर, ऑप्री चालू असताना करा.

सूरपेटी:
केलं काल. चार्जर, फ्रिजवरचा एलईडी, राउटर सगळं बंद. रेडिओ खिडकीला काटकोनात आणल्यावर घूंऽऽ जवळजवळ गेलं आणि मधोमध फिडल. वरचे सूर नाहीतच, ते मी आधी म्हटलं तेच अजून म्हणते. पण नवरा भांडी घासता घासता थांबून विचारत होता, हे कुठून येतंय, आणि मी सांगितलं, ब्रेंटवुडच्या टॉवरवरून. अर्धा तास बंद नाही केला.