प्रतिसाद: खेळांच्या इनडोअर हॉलचा निधी आणि देखभाल

'आधी खासदार निधीतून हॉल उभा करून घेऊ, देखभालीचं नंतर बघू' हे इथल्या चर्चेतलं मत मला पटत नाही. खासदाराला वर्षाला ५ कोटींची कामं सुचवता येतात, पण तो पैसा कायमस्वरूपी बांधकामासाठी असतो. वीजबिल, पगार, रोजची देखभाल त्यात बसत नाही. उलट मंजुरीआधीच वापरणाऱ्या संस्थेकडून देखभालीची हमी घ्यावी, असं त्या योजनेच्या नियमांतच आहे. म्हणजे ही हमी कोण देणार, ते आत्ताच ठरवायला हवं.

आमच्या तालुक्याच्या गावी असाच हॉल बांधताना हे कोणी विचारलंच नाही. पावसाळ्यात पत्रा गळला, लाकडी फ्लोअरिंग फुगलं आणि मुलं परत रस्त्यावर खेळू लागली. फार वाईट वाटतं ते बघून. म्हणून सांगतो, आराखड्यात एकच मोठा, मोकळा हॉल धरा. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर आणि पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, त्यामुळे गुंडाळता येणाऱ्या मॅटवर दोन्ही खेळ आलटून पालटून होतात. सकाळ-संध्याकाळच्या बॅडमिंटनच्या मासिक फीतून निदान वीजबिल तरी निघावं. शाळेच्या मुलांना मात्र दुपारची वेळ मोफतच ठेवा.