जाफरी म्हणजे नक्की काय? आणि शब्द आला कुठून?

आजोळच्या जुन्या घराच्या पडवीला समोरून लाकडी पट्ट्या तिरप्या एकमेकांवर ठोकून केलेला आडोसा होता, चौकटी चौकटीचा, आजी त्याला जाफरी म्हणायची. परवा सुताराला तेच सांगितलं तर म्हणे जाळी का? दोन्ही एकच का? आणि हा शब्द मराठी वाटत नाही.

> नाहीच मराठी मुळात. फारसीतून आलाय, हिंदी-उर्दूतही आहे. जाफर हे माणसाचं नाव, त्यावरून जाफरी, ते आडनावही तिथूनच. बांबूच्या कामट्या किंवा लाकडाच्या पट्ट्या आडव्यातिडव्या मारल्या की जाफरी.

> जाळी मात्र संस्कृत जाल वरून, म्हणजे जाळं. म्हणून ती कशाचीही होते, तारेची, दगडाची, आंबोळीलासुद्धा जाळी पडते 😄 अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतली दगडी जाळी बघा, साधारण 1573 ची, त्यात झाडाच्या फांद्या कोरल्यात, तिला कोणी जाफरी म्हणणार नाही.

> आमच्याकडे दोडका, कारलं चढवायला करतात तो मांडव. जाफरीला इंग्रजीत ट्रेलिस म्हणतात, तो शब्द लॅटिनमधून, मूळ अर्थ तीन धाग्यांचं विणलेलं कापड. म्हणजे तिकडेही शेवटी विणकामच की.

> धन्यवाद सगळ्यांना. सुताराला आता फोटोच पाठवतो, नाहीतर डासांची जाळी ठोकून जायचा.