२००८च्या आधी भारतात रॉकवर कोणी लिहीतच नव्हतं?

जुना_वाचक: काल इथे एकाने ठोकून दिलं की भारतात रॉकवर धड लिहिणं २००८ साली 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत मासिकाची भारतीय आवृत्ती निघाल्यावर सुरू झालं, त्याआधी सगळा हौसेचा मामला. डोकंच फिरलं. 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक १९९३ला निघालं, तेही मुंबई-दिल्लीत नाही, अलाहाबादेत! काढणारा अमित सैगल स्वतः बँडवाला. घरोघरी इंटरनेट नव्हतं तेव्हा शिलाँगची पोरं काय वाजवतायत हे मला साताऱ्यात बसून त्या अंकातून कळायचं.

डोंबिवलीकर: ती पोस्ट माझी, आणि 'धड' हा शब्द मी विचार करून वापरला. १९९७पासून 'ग्रेट इंडियन रॉक' महोत्सव भरवणारे हेच 'रॉक स्ट्रीट जर्नल'वाले. ज्या बँडना स्टेज द्यायचं, त्यांच्याबद्दल आपल्याच मासिकात लिहायचं. याला मी समीक्षा म्हणत नाही.

जुना_वाचक: मग 'रोलिंग स्टोन' काढणारा यान वेनर रॉकवाल्यांचा गौरव करणाऱ्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या संस्थापकांत होता, ते चालतं? इथे दुसरं कोणी स्टेज देत नव्हतं, म्हणून मासिकाला द्यावं लागलं.

नागपूरची_मावशी: दोघंही चुकताय. कोलकात्याचं 'जेएस', म्हणजे 'ज्युनियर स्टेट्समन', विसरलात? स्टेट्समनवाल्यांचं, संपादक डेझमंड डॉइग, १९६७ ते १९७७. माझ्या आत्याने त्यातली पोस्टरं कपाटाच्या आतून चिकटवली होती, आजोबांना दिसू नयेत म्हणून.

डोंबिवलीकर: मावशी, ते तरुणांचं साप्ताहिक. फॅशन, सिनेमा, सगळंच असायचं त्यात.

परळचा_ड्रमर: मासिकांचं काय घेऊन बसलात? धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह शांतता क्षेत्रात गेलं, तिथले कार्यक्रम बंद पडले, तिथेच मुंबईचा रॉक अर्धा मेला. १९८६ला सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव मी तिथे पावसात भिजत ऐकलाय. शेवटची लोकल चुकली, पहाटेपर्यंत स्टेशनवर बसलो, घरी वडिलांचा मार खाल्ला.

डोंबिवलीकर: शेजारी इस्पितळं आहेत हो! माझी आई ऑपरेशननंतर पडून होती आणि खाली रात्रभर डीजे. रंगभवनाचे गोडवे मला नका सांगू.

परळचा_ड्रमर: डीजेचा राग आमच्यावर का? वर्षातून मोजक्या रात्री वाजवायचो आम्ही. चौकाचौकातल्या भिंती दहा-दहा दिवस दणाणतात, तिथे बोला की!

डोंबिवलीकर: तिथेही बोलतो. पोलिसांत दोनदा तक्रार केलीय. तुम्ही किती केल्यात?

जुना_वाचक: अहो, धागा मासिकाचा आहे!

पणजीकर: सैगल २०१२च्या जानेवारीत आमच्याच समुद्रात बुडून गेला. लोक त्याला 'पापा रॉक' म्हणायचे ते उगाच नाही. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या पोरांना स्वतःची गाणी करायला लावलं त्याने. माझा बँड त्यातलाच. पुढे मोडला, पण चार गाणी आमची स्वतःची आहेत.

डोंबिवलीकर: हे मान्य. सुरुवात १९९३ची, २००८ मागे घेतो. समीक्षेबद्दलचं मत मात्र तेच.

जुना_वाचक: तेवढं पुरे. माझ्याकडे नऊ अंक उरलेत, दोनांना वाळवी लागलीय. रविवारी स्कॅन करायला बसतोय. पणजीकर, तुमच्या बँडचं नाव कळवा, त्यात शोधतो.