मदत हवी आहे: अँटिबॉडीचा तोच कॅटलॉग नंबर, नवा लॉट आणि ब्लॉटवर भलताच बँड

हरिपूरची:

नमस्कार. मी सांगलीत पीएचडी करते. विषय आहे हळदीच्या अर्काचा दाहावर होणारा परिणाम. काम रॉ २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर चालतं, पेशी पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून आणल्या आहेत. आधी अर्क द्यायचा, मग एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) देऊन दाह निर्माण करायचा आणि दाहाची जनुकं चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनगटातला पी६५ किती फॉस्फोरिलेट झाला, म्हणजे त्याला किती फॉस्फेट लागलं, ते वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून मेंब्रेनवर घ्यायची आणि हवं ते अँटिबॉडीनं शोधायचं) बघायचं. आराखडा साधा आहे. गाडी अडलीय ती अँटिबॉडीवर.

पी६५मधल्या ५३६व्या जागेवरच्या सेरीनला फॉस्फेट लागलेलं ओळखणारी फॉस्फो-पी६५ अँटिबॉडी वापरते, सशाची पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण). पहिली व्हायल अप्रतिम चालली. नुसत्या पेशींच्या लेनमध्ये ६५ किलोडाल्टनला पुसटशी रेघ, एलपीएस देऊन अर्ध्या तासानं घेतलेल्या लेनमध्ये ठसठशीत काळा बँड, आणि बाकी मेंब्रेन स्वच्छ. त्या जोरावर प्रकरणाचा अर्धा भाग उभा राहिला. व्हायल संपत आल्यावर त्याच डीलरकडून तोच कॅटलॉग नंबर मागवला. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, पर्चेस ऑर्डर (पीओ), सगळे सोपस्कार होऊन व्हायल हातात पडली ती वेगळ्या लॉटची, म्हणजे उत्पादनाच्या वेगळ्या खेपेची. आता ६५चा बँड फिका येतो आणि ५०च्या आसपास एक जाडजूड पट्टा येतो. तो एलपीएस न दिलेल्या लेनमध्येही तितकाच गडद असतो.

डीलर म्हणतो, तुमच्या टेक्निकमध्ये गडबड आहे. म्हणून आधीच सांगते: पॉन्सो रंगात प्रथिनांचा मेंब्रेनवरचा ट्रान्सफर सगळीकडे सारखा दिसतो. अ‍ॅक्टिन (सगळ्या लेनमध्ये सारखं असणारं तुलनेचं प्रथिन) ४२ला स्वच्छ येतं. ब्लॉकिंग (मेंब्रेनच्या मोकळ्या जागा झाकणं) दुधात नाही, बीएसए या प्रथिनात करते. पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये, लागलेलं फॉस्फेट निघू नये म्हणून, सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट आयत्या वेळी घालते. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, ज्या लायसेटनी (फोडलेल्या पेशींच्या द्रावणांनी) जुन्या लॉटमध्ये सुंदर बँड दिले होते त्यांच्याच उणे ८०ला ठेवलेल्या नळ्या काढून चालवल्या, तरी नव्या लॉटमध्ये हा ५०चा पट्टा येतोच.

पार्सल आलं तेव्हा थर्माकोलच्या डब्यातले जेल पॅक पार वितळले होते. एप्रिलचे दिवस, आणि मधल्या रविवारी पार्सल कुरिअरच्या ऑफिसातच पडून होतं. त्यानं असं होतं का?

लॅबमधली एक मैत्रीण म्हणते, ५०चा बँड म्हणजे एनएफ-कप्पा-बीचाच पी५० असणार, बिनधास्त लिही. एका सीनियरनं सुचवलं, ६५च्या जवळचा भाग तेवढा कापून फिगरमध्ये लाव, सगळे तेच करतात. ते मला करायचं नाही. हळदीबद्दल आधीच इतकं काहीबाही छापून येतं, त्यात माझी भर नको.

नवी अँटिबॉडी घ्यायला ग्रँटमध्ये जेमतेम एका व्हायलचे पैसे आहेत. त्यामुळे विचारायचंय ते असं: दोष लॉटचाच आहे हे कंपनीला पटेल असं कसं दाखवू? माझ्याकडे नॉकआउट पेशी (पी६५चं जनुक काढलेल्या) नाहीत, मग ६५चा बँड खरंच फॉस्फो-पी६५ आहे हे कशावरून सांगू? आणि थीसिस मध्यावर आलेला असताना रिकॉम्बिनंटकडे (ठरलेल्या जनुकावरून बनवलेल्या अँटिबॉडीकडे) वळावं का? जुन्या व्हायलच्या तळाशी एखाद्या ब्लॉटपुरता थेंब उरला आहे, तो कशावर खर्च करावा तेही सांगा.

ब्लॉटवाला_पुणे:

पहिलं म्हणजे तो थेंब जपा. तोच तुमचा पुरावा आहे.

पी५०चं आधी निकालात काढू. सेरीन ५३६ ही जागा पी६५च्या शेपटाकडच्या ट्रान्सअ‍ॅक्टिव्हेशन भागात आहे. पी५०ला तो भागच नाही. या दोघांत सारखा आहे तो पुढचा रेल होमॉलॉजी भाग. त्यामुळे ५३६साठी बनवलेल्या अँटिबॉडीनं पी५० धरायचं काही कारण नाही. शिवाय तुमचा पट्टा एलपीएसला दाद देत नाही, म्हणजे तो सिग्नलच नव्हे. जाता जाता एक: ५३६ हा क्रमांक माणसाच्या प्रथिनातला. उंदरात तीच जागा ५३४ येते. डेटाशीटवर उंदीर चालतो असं लिहिलं आहे ना, ते तपासा आणि थीसिसमध्ये दोन्ही क्रमांक द्या, परीक्षक विचारतात.

आता पॉलिक्लोनलचं असं असतं की ती एका सशाच्या रक्तातून येते. तो ससा संपला की पुढचा लॉट दुसऱ्या सशाचा. कॅटलॉग नंबर तोच राहतो, आतलं मिश्रण बदलतं. शुद्धीकरणात फॉस्फो नसलेलं पेप्टाइड धरणारा आणि इतर प्रथिनांना चिकटणारा भाग नीट निघाला नसेल तर तुम्ही म्हणता तसाच पट्टा येतो. जुन्या लायसेटवरही तो आला हे तुम्ही बघितलंत, ते फार बरं केलंत.

कंपनीसाठी एकच जेल चालवा. नुसत्या पेशी आणि एलपीएस दिलेल्या पेशी, अशी लेनची जोडी तीनदा भरा. ट्रान्सफर झाल्यावर मेंब्रेनचे तीन तुकडे करा: एकाला जुना लॉट, दुसऱ्याला नवा, तिसऱ्याला प्रायमरी (म्हणजे ही फॉस्फो-पी६५) न देता फक्त सेकंडरी (प्रायमरीला चिकटून ती दाखवणारी दुसरी अँटिबॉडी). तिन्ही तुकडे शेजारी ठेवून एकाच एक्सपोजरमध्ये फोटो घ्या. तिसऱ्या तुकड्यावरही ५०चा पट्टा आला तर बिचाऱ्या नव्या लॉटचा दोष नाही, सेकंडरी बघावी लागेल. उरलेला थेंब पुरेसा पडावा यासाठी तुकडे ट्रेमध्ये ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीलिंग मशीननं तिन्ही बाजू बंद करा, चौथीकडून दीड-दोन मिली द्रावण सोडा, बोटानं हवेचे बुडबुडे काढा आणि मग चौथी बाजू सील करा. रात्रभर ४ अंशाला हळू हलत ठेवलं की एवढ्यात काम होतं.

मग मेल थेट कंपनीच्या टेक्निकल सपोर्टला करा, डीलरला फक्त सीसीत ठेवा. न कापलेला पूर्ण ब्लॉट, दोन्ही लॉट नंबर, डायल्यूशन, लेनमध्ये किती मायक्रोग्रॅम प्रथिन, ब्लॉकिंग, सेकंडरी, सगळं पहिल्याच मेलमध्ये जाऊ द्या. या लॉटची तुमच्याकडची तपासणी दाखवा, असं स्पष्ट मागा. डेटाशीटवर दिलेल्या प्राण्यात आणि दिलेल्या वापरात अँटिबॉडी चालली नाही तर बऱ्याच कंपन्या बदलून देतात किंवा पैसे वळते करतात, पण त्याला मुदत असते. म्हणून थांबू नका.

नॉकआउट नसेल तर फॉस्फो अँटिबॉडीसाठी फॉस्फटेज (फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम) हा उत्तम उपाय. लायसेटचा अर्धा भाग लॅम्डा फॉस्फटेजनं वागवा, अर्धा तसाच ठेवा. ६५चा बँड खरा असेल तर वागवलेल्या लेनमधून तो गेला पाहिजे, आणि टोटल पी६५ (फॉस्फेट असो-नसो, सगळा) मात्र जागच्या जागी दिसला पाहिजे. यासाठीचं लायसेट व्हॅनाडेट आणि फ्लोराइड न घालता वेगळं करावं लागेल, नाहीतर एन्झाइमच बंद पडेल. लॅम्डा परवडत नसेल तर क्लोनिंग करणाऱ्या एखाद्या लॅबमध्ये काफ इंटेस्टायनल फॉस्फटेज पडलेलं असतं, ते मागून बघा. ब्लॉकिंग पेप्टाइडवर (अँटिबॉडी ज्याविरुद्ध बनवली त्या प्रथिनाच्या तुकड्यावर) मात्र पैसे घालू नका. अँटिबॉडी चुकीच्या प्रथिनाला धरत असली तरी पेप्टाइडनं तोही बँड जातो, त्यामुळे सिद्ध काहीच होत नाही.

रिकॉम्बिनंटबद्दल माझं स्पष्ट मत: वळा. तिचा अमिनो आम्लांचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे ससा बदलला, हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) बिघडला अशा भानगडी लॉटमध्ये येत नाहीत. २०२३मध्ये ईलाइफमध्ये आलेल्या कामात ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडी नॉकआउट पेशींसमोर तपासल्या होत्या, त्यातही सरासरीनं रिकॉम्बिनंटच पुढे होत्या. पण पूर्ण व्हायल लगेच घेऊ नका. काही कंपन्या २० मायक्रोलिटरची छोटी व्हायल देतात, ती मागा. आणि जुने ब्लॉट फेकायची गरज नाही. मोजके महत्त्वाचे नमुने नव्या अँटिबॉडीवर पुन्हा चालवा, कल तोच आला तर दोन्ही पुरवणीत लावा. फक्त जुन्या-नव्याच्या डेन्सिटोमेट्रीचे (बँडच्या गडदपणाचे) आकडे एका आलेखात मिसळू नका.

आणि सगळं प्रकरण एका फॉस्फो बँडवर टांगू नका, ताई. त्याच लायसेटमध्ये आयकप्पाबी-अल्फा (एनएफ-कप्पा-बीला रोखून धरणारं प्रथिन) बघा. एलपीएसनंतर १५ ते ३० मिनिटांत तो घटतो आणि तासाभरात परत दिसू लागतो. अर्कानं ही घट थांबत असेल तर तुमचं म्हणणं दोन पायांवर उभं राहतं.

कऱ्हाडकर:

वरच्या प्रतिसादात बहुतेक सगळं आलंच आहे. गरम झालेल्या पार्सलबद्दल सांगतो. आयजीजी, म्हणजे या अँटिबॉडींचा नेहमीचा प्रकार, तसा चिवट रेणू आहे, एक-दोन दिवसांच्या उन्हाळ्यानं अँटिबॉडी कमजोर होईलही, पण नवा, ठाशीव बँड सहसा तयार होत नाही. तरी पुढच्या वेळी पीओवरच लिहून घ्या की माल सोमवारी किंवा मंगळवारीच पुण्यातून निघाला पाहिजे. आम्ही तसंच करतो. डबा उघडतानाचा फोटोही काढून ठेवा.

आल्या दिवशी छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, पण १० मायक्रोलिटरपेक्षा लहान भाग करू नका, नळीच्या भिंतीलाच बरंचसं चिकटून जातं. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २०ला ती गोठत नाही, तिथे ठेवा. फ्रीजर आपोआप बर्फ वितळवणारा नको, त्यात तापमान सारखं वरखाली होतं. एचआरपी (बँड दिसायला लावणारं एन्झाइम) लावलेली सेकंडरी डेटाशीटवर लिहिल्याप्रमाणेच ठेवा, आणि तिच्या द्रावणात सोडियम अझाइड चुकूनही जाऊ देऊ नका, एचआरपी मरतं.

दुसरी कंपनी निवडताना क्लोनचं नाव आणि इम्युनोजेन (अँटिबॉडी ज्याविरुद्ध बनवली तो तुकडा) बघा. तीच अँटिबॉडी वेगवेगळ्या लेबलांखाली विकली जाते. डेटाशीटवरचा ब्लॉटचा फोटोही तोच असेल तर समजा, पैसे देऊन तीच वस्तू पुन्हा घेताय.

पुढे पेशींवर इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रंगाच्या अँटिबॉडीनं पेशी बघणं) करणार असाल तर खास तुमच्यासाठी: हळदीतलं कर्क्युमिन स्वतःच हिरवं चमकतं. एफआयटीसीच्या (हिरव्या) चॅनेलमध्ये अर्क दिलेल्या पेशी अँटिबॉडीशिवायही उजळ दिसतील. लाल किंवा फार-रेड रंग घ्या आणि नुसता अर्क दिलेल्या, अँटिबॉडी न लावलेल्या पेशींची स्लाइड सोबत ठेवाच. मॅक्रोफेजवर एफसी रिसेप्टर (कुठल्याही अँटिबॉडीचं शेपूट धरणारे) भरपूर असतात, तेही आधी ब्लॉक करा.

आमच्याकडे काफ फॉस्फटेज आहे. लायसेट बर्फात घालून आणा, इथेच करू. सांगलीहून असं कितीसं लांब आहे!

हरिपूरची:

दोघांचे मनापासून आभार. तीन तुकड्यांचा ब्लॉट झाला. फक्त सेकंडरीवाला तुकडा कोरा आला. जुन्या लॉटच्या तुकड्यावर ६५चा एकटा बँड, नव्याच्या तुकड्यावर ५०चा पट्टा पहिल्यासारखाच. फोटो आणि सगळा तपशील कंपनीला पाठवला. त्यांनी आणखी कुणी या लॉटबद्दल तक्रार केली आहे का ते तपासतो असं कळवलंय, आणि दुसरा लॉट पाठवण्याची तयारी दाखवलीय. माझ्या गाइड मॅडमना सगळं दाखवलं. बदलून मिळाली तरी पुढचं काम रिकॉम्बिनंटवरच करायचं, असं त्यांचंही मत पडलं.

कऱ्हाडकर दादा, पुढच्या आठवड्यात फॉस्फटेजसाठी कऱ्हाडला येते, लायसेट तुम्ही सांगाल तसं इनहिबिटरशिवाय करून आणते. किती मायक्रोग्रॅम लागेल तेवढं कळवा.

आणि सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर भागात कुणी सशाची रिकॉम्बिनंट फॉस्फो-पी६५ उंदराच्या पेशींवर वापरत असेल, तर पाचेक मायक्रोलिटर मिळेल का? ऑर्डर देण्याआधी माझ्या लायसेटवर एकदा चालवून बघायची आहे. कॅटलॉग नंबर, क्लोन आणि लॉट तिन्ही सांगा, मी येऊन घेऊन जाईन.