'नाइस' म्हणजे 'छान'च ना?

प्रश्न: कायद्यावरच्या एका इंग्रजी लेखात 'अ नाइस डिस्टिंक्शन' असं आलंय. 'छान भेद' लिहिलं तर अर्थच लागत नाही. इथे काय लिहावं?

उत्तर १: 'सूक्ष्म भेद' लिहा. पॉइंट, डिस्टिंक्शन, जजमेंट यांच्याआधी 'नाइस' आलं की बहुधा बारकावा, काटेकोरपणा असा अर्थ असतो. सोळाव्या शतकापासूनचा हा अर्थ औपचारिक इंग्रजीत अजून टिकून आहे.

उत्तर २: मूळ तर फारच वेगळं आहे. लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे न जाणणारा: 'ने' नकाराचा, 'स्कीरे' म्हणजे जाणणे. आपल्या 'अज्ञ'सारखीच घडण! 'सायन्स'ही याच 'स्कीरे'पासूनचा. जुन्या फ्रेंचमधून 1300 च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा 'नाइस' म्हणजे मूर्ख. मग चोखंदळ, नाजूक, काटेकोर, आणि अठराव्या शतकात छान. म्हणून जुना मजकूर वाचताना आधी काळ बघा. आजचा अर्थ लावला की वाक्य उलटंच होतं.

उत्तर ३: 'नाइस अँड वॉर्म'ही जपून. 'छान आणि गरम' नव्हे, 'छान गरम'. तिथला 'अँड' जोडत नाही, पुढच्या विशेषणाला जोर देतो.